मंगळवारचं पुस्तक

हेसल रोडच्या पोस्टात मंगळवार हा विधवांचा वार होता. सोमवारी म्हातारे पेन्शनवाले, मंगळवारी विधवा. हे वार सरकारात बसून कुणी वाटले देव जाणे, पण आमच्या रस्त्याला ते इतके अंगवळणी पडले होते की मंगळवारच्या रांगेत एखादा बाप्या दिसला तर बायका विचारायच्या, "काय हो, तुमची कोण बुडाली?" इंग्लंडातल्या हल शहराच्या या बाजूला घरटी एक खलाशी, तेव्हा रांग मोठी असायची, आणि त्याचं नवल कुणाला वाटत नव्हतं.

एनिड ट्रॅनमर या रांगेत पंचवीस वर्षं उभी राहिली. ती मासळीच्या कारखान्यात कामाला होती. गार पाण्यात हात घालून हॅडॉक उचलायचा, सुरी फिरवायची, काटा एकीकडे आणि मांस एकीकडे. दुपारची सुट्टी झाली की डोक्याची जाळी आणि पायातले रबरी बूट न काढताच ती पोस्ट गाठायची. खिडकीतली बाई पुस्तकातलं त्या आठवड्याचं पान फाडायची, शिक्का मारायची, पैसे सरकवायची. पुस्तकाच्या पाठीवर बारीक अक्षरात एक ताकीद छापलेली होती. लग्न केलंत, किंवा एखाद्या पुरुषाबरोबर नवराबायकोसारखं राहू लागलात, तर ताबडतोब कळवा आणि हे पुस्तक परत करा. रांगेत वाचायला दुसरं काही नसायचं, त्यामुळे एनिडला ती ताकीद तोंडपाठ झाली होती.

आता ज्या पुरुषामुळे ती तिला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटायची, त्याच्याबद्दल.

अर्नी ब्लेन्किन हा बॉबर होता. म्हणजे ट्रॉलर गोदीला लागला की त्याच्या पोटातली मासळी उपसून धक्क्यावर मांडणारा हमाल. ठेंगणा, रुंद, लग्नाच्या भानगडीत कधी न पडलेला. चौऱ्याहत्तर साली एका संध्याकाळी त्यानं एनिडच्या दारात उभं राहून वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा पुढे केला. बॉबर लोकांना घरी न्यायला मिळायचा तो वाटा. "एकट्याला जास्त होतो," म्हणाला. पुढच्या आठवड्यातही तो एकट्याला जास्त झाला. तिसऱ्या आठवड्यात एनिड म्हणाली, "अरे, दर वेळी जास्त होतो तर कमी उचलत जा. नाहीतर बस आणि इथंच खा."

तो जो बसला तो सोळा वर्षं. रोज संध्याकाळी पाचला यायचा, जेवायचा, भांडी पुसायचा, टीव्हीसमोर बसून बातम्या सांगणाऱ्याशी वाद घालायचा आणि नऊ वाजले की उठायचा. त्याचं घर तीन गल्ल्या सोडून होतं. येताना त्याच्या हातात एक पिशवी असायची आणि पिशवीत चौकड्याच्या कापडाच्या सपाता. आल्यावर बूट काढून सपाता घालायच्या, जाताना सपाता काढून पिशवीत. सपाता एनिडच्या घरात ठेवायच्या नाहीत, हा नियम दोघांनी मिळून केला होता.

त्याला कारण होतं. पलीकडच्या मिसेस कटिलच्या घरी खरोखरच सरकारी माणूस आला होता. कुणीतरी निनावी पत्र पाठवलं होतं. त्याला बेसिनपाशी दाढीचा ब्रश सापडला आणि मिसेस कटिलचं पुस्तक गेलं. तेव्हापासून आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या विधवांची घरं पुरुषाच्या खुणांपासून आरशासारखी स्वच्छ असायची. अर्नी रोज कुठे जेवतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातलाच प्रकार सगळा. पण रस्त्याला ठाऊक असणं वेगळं आणि सरकारला ठाऊक असणं वेगळं. पिशवी घेऊन जाताना दारूच्या दुकानापाशी उभे असलेले लोक ओरडायचे, "काय अर्नी, बायकोला पिशवीतून घरी नेतोस काय?" अर्नी पिशवी छातीशी धरून म्हणायचा, "हळू बोला, झोपलीय ती."

एकोणऐंशी साली, एनिडची मुलगी जॅनिस नोकरीसाठी लीड्सला गेली, त्या महिन्यात अर्नीनं विचारलं.

"लग्न करू या का गं?"

"पुस्तक जाईल."

"जाऊ दे की. मी आहे ना."

"तू आहेस रे. तुझी नोकरी कुठाय?"

ते खरं होतं. आइसलँडनं आपला समुद्र बंद केल्यापासून गोदीत पाणी होतं पण जहाजं नव्हती, आणि अर्नी एका क्लबात बिअरची पिंपं वरखाली करून पोट भरत होता. एनिडच्या शेजारी उभी राहून मासे चिरणारी बेरिल युनियनची होती आणि सरकारी कागद वाचायची तिला हौस होती. तिनं तोडगा काढला. साठी झाली की विधवेचं पुस्तक जातं आणि म्हातारपणाचं पेन्शन लागतं. ते एकदा लागलं की मग कुणाशीही लग्न करा, राजाशी करा नाहीतर रंकाशी करा, ते कुणी काढून घेत नाही. एनिड तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती.

"अकरा वर्षं," एनिड अर्नीला म्हणाली.

"सव्वीस वर्षं पहाटे दोनला उठलोय मी," अर्नी म्हणाला. "अकराचं काय घेऊन बसलीस."

त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. तिच्या दर वाढदिवसाला मात्र केक कापून झाला की बोटांवर मोजून किती उरली ते सांगायचा. दहा. नऊ. आठ. शेवटी शेवटी एक बोट नुसतं हलवायचा आणि जॅनिसची मुलं खदखदून हसायची. ती त्याला अर्नीकाका म्हणायची.

नव्वद सालच्या एप्रिलमध्ये एनिडला साठ वर्षं पूर्ण झाली. कारखान्यात बायकांनी तिच्या टेबलाला कागदी फुलं लावली आणि बेरिलनं पेटीवर उभं राहून भाषण ठोकलं.

"आधी नियम काय होता? पेन्शन पाहिजे तर काम सोडा, नाहीतर पगारानुसार कापून घ्या. गेल्या साली तो मोडीत निघाला. आता एनिडबाई इथं मासेही चिरणार आणि पेन्शनही खाणार. दोन्ही हातांत लाडू! आणि लाडूंच्या वर अर्नी!"

बायका सुऱ्या टेबलांवर आपटून ओरडल्या. एनिड लाजून लाल झाली आणि हसली. पण त्या दिवशी घरी येऊन तिनं सरकारकडून आलेलं तपकिरी पाकीट उघडलं, आतला फॉर्म वाचला, परत पाकिटात घातला आणि पाकीट शेकोटीवरच्या फळीवर घड्याळामागे ठेवून दिलं.

फॉर्मबरोबरच्या माहितीपत्रकात एक ओळ होती. काम करत असाल किंवा नसाल, हवं असल्यास पेन्शनऐवजी पासष्टीपर्यंत विधवेचं पुस्तकच चालू ठेवता येईल. बेरिलनंसुद्धा ती कधी वाचली नव्हती. एनिडनं मात्र ती पहिल्याच वाचनात पकडली.

अर्नीला घड्याळामागचं पाकीट दिसत होतं. तो रोज त्याच्यासमोर बसून जेवत होता. मे गेला. जूनमध्ये एनिड म्हणाली जॅनिसचं बाळंतपण होऊ दे. ऑगस्टात म्हणाली कारखान्यात जास्तीचं काम आहे, डोकं ठिकाणावर नाही. ऑक्टोबरात तर म्हणाली की पुढच्या खोलीला रंग काढल्याशिवाय लग्नाला माणसं कशी बोलवायची. अर्नीनं चार दिवस खपून रंग काढला. ब्रश धुतले, सपाता पिशवीत घातल्या आणि नऊला निघाला. पाकीट जागचं हललं नाही.

बेरिलचं डोकं फिरलं. "अगं, तुझ्या स्वतःच्या पगारातून कापलेल्या विम्याचे शिक्के मिळून ते पेन्शन या पुस्तकापेक्षा जास्त होतं! दर मंगळवारी तू तुझेच पैसे पोस्टात सोडून येतेस. कशासाठी?"

"सवय झालीय गं मंगळवारची," एनिड म्हणाली.

"सवय म्हणे! त्या बिचाऱ्याला काय झालीय मग?"

एनिडनं पुढचा मासा उचलला. खरं कारण तिला माहीत होतं आणि ते तिनं चोवीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, सासूला नाही, जॅनिसला तर मुळीच नाही.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर अर्नी भांडी पुसत उभा होता. त्याला आता सहासष्ट झाली होती, गुडघे बोलायला लागले होते. हातातली बशी पुसून झाली तरी तो ती पुसतच राहिला.

"एनिड, तुला नको असेल तर नको म्हण. मी रागावणार नाही, रोज येतो तसा येत राहीन. पण सांगून टाक. पिशवी घेऊन हिंडायचं वय राहिलं नाही माझं."

एनिडनं नळ बंद केला. हात पुसले. आणि उभ्या उभ्याच सांगितलं.

आमच्याकडे माणूस समुद्रावर निघतो त्या दिवशी घरात कपडे धुवत नाहीत. धुतले तर लाट त्याला धुऊन नेते. बायका धक्क्यावर निरोप द्यायला जात नाहीत, हात हलवत नाहीत, आणि कपडे धुवत नाहीत. हे कुणी शिकवत नाही, आईच्या दुधाबरोबर येतं. सहासष्टच्या जानेवारीत तिचा नवरा रॉय ट्रॅनमर निघाला, त्या सकाळी सहा वर्षांच्या जॅनिसला ताप होता आणि तिनं अंथरुणात उलटी केली. दुसरी चादर ओली होती. पोर थंडीनं कुडकुडत होती. एनिडनं पाच मिनिटं विचार केला आणि चादर धुतली. वाळत टाकली ती मागच्या अंगणात, कुणाला दिसू नये म्हणून. पण रॉय पिशवी खांद्यावर टाकून संडासला म्हणून मागे गेला आणि त्यानं ती पाहिली.

"काय म्हणाला?" अर्नीनं विचारलं.

"हसला. म्हणाला, 'मला धुऊन काढायचा बेत दिसतोय बाईसाहेबांचा.' आणि गाडीत बसून गेला."

नऊ फेब्रुवारीला आइसलँडच्या वर कुठेतरी वादळात जहाजावर बर्फ चढला आणि जहाज उलटलं. कुणी सापडलं नाही. रॉयची कबर नाही, टोपी नाही, काही नाही.

"मी धुतलं त्याला," एनिड म्हणाली. "मग मी म्हटलं, निदान त्याची विधवा तरी नीट राहीन. ते पुस्तक एवढंच आहे रे माझ्याकडे त्याचं. त्यात लिहिलंय की मी त्याची कुणीतरी होते. आपण अकरा वर्षं पैशांचं म्हणत होतो ना, ते मला बरं पडत होतं. एप्रिलपासून तेही नाही राहिलं."

अर्नीचं फडकं बशीवर थांबलं. सव्वीस वर्षं गोदीत काढलेला माणूस तो. अपशकुन नको म्हणून धक्क्यावर शीळ न घालणारा, हिरवा स्वेटर न घालणारा. असल्या गोष्टीवर हसणं त्याला जमणारं नव्हतं. एनिड त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला वाटलं, संपलं, आता हाही म्हणेल की हो, तूच.

"जहाजावर माणसं किती होती?" अर्नीनं विचारलं.

"वीस."

"मग बाकीच्या एकोणीस घरांत काय झालं होतं? सगळ्या पोरांना एकाच दिवशी उलट्या झाल्या काय?"

एनिड बघतच राहिली.

"आणि कप्तानाची बायको," अर्नी म्हणाला, "ती तर जन्मात कधी कपडे धूत नव्हती. लाँड्रीत द्यायची ती. मला माहितीय, माझी बहीण होती तिथं इस्त्रीला."

एनिडला हसू फुटलं. हसता हसता तिनं ओट्याला धरलं आणि मग ती रडली, इतकी की अर्नीनं बशी खाली ठेवून तिला खुर्चीत बसवलं आणि भांडी पुसायच्या फडक्यानंच तिचे डोळे पुसले. चोवीस वर्षं छातीवर ठेवलेली शिळा कुणीतरी उचलली होती.

नंतर चहा घेताना ती म्हणाली, "नऊ फेब्रुवारीला पंचवीस वर्षं होतील. तेवढा एक दिवस त्याची बायको म्हणून करते. नदीवर फुलं टाकते. मग फॉर्म भरते, मग तू म्हणशील त्या शनिवारी लग्न."

"अकरा वर्षं थांबलो, सहा आठवडे काय," अर्नी म्हणाला.

नऊ वाजता तो उठला आणि वाकून सपाता काढायला लागला. एनिड म्हणाली, "राहू देत आज. ठेव इथंच."

"छे. इतकी वर्षं शिस्त पाळली आणि आता सहा आठवड्यांसाठी पकडले जायचं? फेब्रुवारीत आणतो की कायमच्या." त्यानं पिशवीला गाठ मारली आणि तो गेला.

जानेवारीचे पहिले आठवडे कसे गेले ते एनिडला नंतर नीट आठवेना. सुखाचे होते, एवढं आठवायचं. कारखान्यात ती गुणगुणते आहे असं बेरिलनं सांगितलं तेव्हा ती ओशाळली. अर्नीनं सूट धुवायला टाकला. एकोणीस जानेवारीला, शनिवारी, तो पाचला आला, त्यानं पॅटी आणि चिप्स आणले होते, कपाळाला घाम होता तरी गार आहे म्हणून शेकोटीजवळ बसला. नऊला गेला.

रविवारी तो दुपारी साडेबाराला जेवायला यायचा. एक वाजेपर्यंत तो आला नाही. ओव्हनमधलं यॉर्कशर पुडिंग फुगून बसलं. एनिडनं गॅस बंद केला, डगला चढवला आणि तीन गल्ल्या चालत गेली. दार वाजवलं, हाका मारल्या. तिच्याकडे किल्ली नव्हती. सोळा वर्षांत त्याच्या घराच्या किल्लीची तिला गरजच पडली नव्हती, तोच यायचा. शेजारचा माणूस मागच्या खिडकीतून आत उतरला आणि बराच वेळ त्यानं दार उघडलं नाही.

अर्नी दारातल्या बोळातच पडला होता. अंगावर डगला, डोक्यावर टोपी, हाताशी पिशवी. पिशवीची गाठ तशीच होती.

डॉक्टर म्हणाला, हृदय. काल रात्रीच, घरी पोचल्या पोचल्या. एनिडनं विचारलं, त्रास झाला असेल का? डॉक्टर तरुण होता, दमलेला होता, विचार न करता बोलून गेला, "जवळ कुणी असतं तर कदाचित निभावलं असतं."

पुढचं सगळं अर्नीच्या बहिणीनं केलं. म्युरिएल नावाची ही बाई समुद्रकाठी विदर्नसीला राहायची आणि वर्षातून एकदा ख्रिसमसचं कार्ड पाठवायची. मृत्यूची नोंद तिनं केली, पेपरात छापायला तिनं दिलं, स्मशानातल्या प्रार्थनेला पहिल्या बाकावर ती बसली. ते बरोबरच होतं, रक्ताची तीच होती. एनिड तिसऱ्या बाकावर बेरिल आणि जॅनिसच्या मध्ये बसली. बाहेर आल्यावर म्युरिएलनं तिचा हात हातात घेतला. मनानं ती वाईट नव्हती.

"तुम्ही शेजारी का त्याच्या?"

जॅनिसनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण एनिडच आधी बोलली. "हो. तीन गल्ल्या सोडून."

"तुमच्याकडं जेवायला यायचा म्हणे कधीकधी. फार उपकार झाले हो. त्याचं घर आवरतेय मी. आठवण म्हणून काही हवं असलं तर सांगा, लाजू नका."

"त्याच्या सपाता द्या," एनिड म्हणाली.

म्युरिएलला ते विचित्र वाटलं असणार. जुन्या सपाता कोण मागतं? पण तिनं दुसऱ्या दिवशी आणून दिल्या, त्याच पिशवीत.

एनिडनं ती गाठ बरेच दिवस सोडली नाही. संध्याकाळी पाचला ती दोन बश्या काढायची आणि एक परत ठेवायची. तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. त्या शनिवारी तिनं काहीच धुतलं नव्हतं. एक रुमालसुद्धा नाही. तिनं पुन्हा पुन्हा तो दिवस सकाळपासून आठवून पाहिला, कुठे चूक सापडते का म्हणून. चूक नव्हती, तरीही तो गेला. म्हणजे अर्नी खरं बोलला होता. चादरीनं कुणी मरत नाही, माणसं अशीच मरतात. मग चोवीस वर्षं ती कशाची शिक्षा भोगत होती, आणि त्या माणसाला रोज थंडीत कशासाठी बाहेर काढत होती? या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे असतं तो नव्हता.

नऊ फेब्रुवारीला ती ठरल्याप्रमाणे नदीवर गेली. भरतीचं पाणी तपकिरी होतं आणि वारा बोचत होता. तिनं रॉयचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. देखणा होता, पंचवीस वर्षं देखणाच राहिला होता. तीन आठवडे समुद्रावर आणि तीन दिवस घरी, असा तेरा वर्षांचा संसार. सगळे दिवस जोडले तर दोन वर्षंसुद्धा भरत नव्हती. त्याला तळलेला कांदा आवडायचा की नाही हेही तिला आठवेना. अर्नीला आवडायचा नाही. तिनं फुलं पाण्यात टाकली आणि ती कुणासाठी टाकली हे तिला सांगता आलं नसतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं घड्याळामागचं पाकीट बेरिलपुढे ठेवलं. तिचे हात मासळीनं ओले होते आणि पेन धरवत नव्हतं, म्हणून बेरिल लिहीत होती आणि विचारत होती. नाव. जन्मतारीख. काम चालू ठेवणार का? हो. किती तास? पूर्ण. बेरिलनं पान उलटलं.

"लग्न झालेलं, अविवाहित, घटस्फोट, विधवा."

"विधवा."

"कुठल्या तारखेपासून?"

"एकोणीस जानेवारी."

बेरिलचं पेन थांबलं. कुणीतरी चहाचा मग हळूच खाली ठेवला.

"एनिड," बेरिल म्हणाली, "ते यात नाही गं बसत."

"ठाऊक आहे मला."

"मी लिहिलं तरी ते परत पाठवतील."

"ठाऊक आहे म्हटलं ना. नऊ फेब्रुवारी सहासष्ट. लिही."

बेरिलनं लिहिलं. एनिडनं हात पुसून सही केली, जाळी नीट केली आणि भोंगा व्हायच्या आधीच टेबलापाशी जाऊन उभी राहिली. त्या दुपारी तिनं इतके मासे चिरले की मुकादमाला तिला थांब म्हणावं लागलं.

मार्चमध्ये मंजुरी आली. शेवटच्या मंगळवारी तिनं पुस्तक खिडकीतून आत सरकवलं. खिडकीतल्या बाईनं कोपरा कातरला आणि ते एका खोक्यात टाकलं. रांगेतल्या बायकांनी तिचा निरोप घेतला. एक म्हणाली, "सुटलीस बाई. आता सोमवारच्या म्हाताऱ्यांत जाऊन बस." एनिडला वाटलं होतं की खोक्यात पुस्तक पडताना काहीतरी तुटेल. तसं काही झालं नाही.

सोमवारी नवीन पुस्तक हातात आलं. वरातीमागून घोडं म्हणतात तसं ते आलं, कोरं करकरीत. खिडकीतल्या बाईनं पहिलं पान फाडलं, शिक्का मारला. पैसे घेऊन एनिड बाजूला झाली आणि सवयीनं तिनं पुस्तक उलटं केलं. पाठीवर बारीक छपाई होती. पत्ता बदलला तर कळवा, पुस्तक हरवलं तर कळवा. ती शेवटपर्यंत वाचत गेली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. ती ओळ त्यात नव्हती. लग्नाबद्दल काही नव्हतं, पुरुषाबद्दल काही नव्हतं. तिच्या घरात कोण राहतं, कोण जेवतं, कुणाचा दाढीचा ब्रश बेसिनवर आहे, याची आता कुणालाही पडलेली नव्हती.

"काही चुकलंय का पुस्तकात?" बाईनं खिडकीतून विचारलं.

"नाही," एनिड म्हणाली. "बरोबर आहे."

काम संपवून ती पाचला घरी आली. पिशवीची गाठ फार घट्ट होती, नखांनी सुटेना, तेव्हा तिनं मासे चिरायची सुरी आणून ती कापली. सपाता बाहेर काढल्या आणि शेकोटीपुढे त्याच्या खुर्चीखाली शेजारी शेजारी ठेवल्या. मग तिनं पुढच्या खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला केला, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसाव्यात इतका, आणि बटाटे सोलायला बसली.